चॅटबॉटला आपले प्रश्न कोण शिकवणार?

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आमच्या विहारात तासभर फॉर्म भरण्याचे काम चालते. शिष्यवृत्ती, जात प्रमाणपत्र, पडताळणी, निराधारचे पैसे, असे काहीही. वर्धा जिल्ह्यातल्या बऱ्याच विहारांत कुणी ना कुणी हे काम करत असतो. मागे एकदा पदवीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. तिने आदल्या रात्री मोबाइलवरच्या एका चॅटबॉटला विचारले होते, "मी बौद्ध आहे, मला कोणती शिष्यवृत्ती मिळेल?" उत्तर लगेच आले, स्वच्छ मराठीत आणि मुद्देसूद: बौद्ध हा अल्पसंख्याक समाज आहे, तेव्हा अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. ती तोच अर्ज भरायला बसली होती. शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींनी फक्त एवढेच विचारले, "बाई, तुझ्या बाबांचं जातीचं प्रमाणपत्र घरात आहे का?" ते घरात होते. तिचा अर्ज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत गेला.

चॅटबॉट खोटे बोलला नव्हता. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली बौद्ध हे अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहेत. पण ते अर्धेच उत्तर होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांच्या सवलती गेल्या, महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना त्या परत दिल्या, आणि केंद्रात १९९० साली अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. हा इतिहास त्या यंत्राला माहीत नव्हता असे नाही. त्याला तो त्या क्षणी आठवला नाही, कारण प्रश्नात 'बौद्ध' हा एकच शब्द होता. गुरुजींना त्या एका शब्दामागचा माणूस दिसला. अर्धे खरे उत्तर हे पूर्ण चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त धोक्याचे असते, कारण त्यावर शंका येत नाही.

ही गोष्ट आता एका विहारापुरती राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई टेक वीकमध्ये राज्य सरकारने मेटा कंपनीशी करार केला. 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉटमार्फत देण्याचा हा करार असून पहिल्या टप्प्यात ५०० सेवांची घोषणा झाली. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशाने 'मन मित्र' नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर १६१ सेवा सुरू केल्या होत्या. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम किसान योजनेसाठी 'किसान ई-मित्र' आणला. बँका, वीज, रेल्वे, मोबाइल कंपन्या, सगळीकडे आता आधी यंत्र बोलते, नंतर माणूस. तेव्हा प्रश्न चॅटबॉट हवा की नको हा नाही. तो आलाच आहे. प्रश्न हा आहे, की त्याला शिकवताना आपण कुठे आहोत?

खिडकीमागचा माणूस तरी कुठे निष्पक्ष होता?

आधी यंत्राच्या बाजूने बोलू. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या मजुराला वर्ध्याच्या समाजकल्याण कार्यालयात एक कागद विचारायला यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी, बसचे भाडे, आणि वर "साहेब मिटिंगमध्ये आहेत" हे उत्तर. आडनाव वाचल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिले आहे. दलालाला दोनशे रुपये दिले की तोच कागद सापडतो, हेही पाहिले आहे. रात्री दहा वाजता, कुणापुढे हात न जोडता, वाटेल तितक्या वेळा विचारता येते, ही छोटी गोष्ट नाही. विधवा बाईला पेन्शनचा प्रश्न चार पुरुषांसमोर विचारावा लागत नाही. म्हणून "यंत्र नको, माणूसच बरा" असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खिडकीमागचा माणूस आपल्याशी नेहमी माणसासारखा वागला, असा आपला अनुभव नाही.

पण एक फरक आहे. त्या माणसाला नाव असते. त्याच्याविरुद्ध तक्रार देता येते, माहिती अधिकारात त्याच्या टेबलावर फाईल किती दिवस पडली हे काढता येते, गरज पडली तर कार्यालयावर मोर्चा नेता येतो. चॅटबॉटने चुकीचे सांगितले तर मोर्चा कुणावर न्यायचा?

'शिकवणे' म्हणजे नेमके काय

यासाठी हे यंत्र कसे तयार होते ते थोडे समजून घ्यायला हवे. त्यात जादू नाही.

जुने चॅटबॉट बटणांचे होते. एक दाबा, दोन दाबा. नव्यांच्या पोटात मोठे भाषा मॉडेल असते. ते इंटरनेटवरच्या अफाट मजकुरावर आधीच शिकून आलेले असते. बहुतेक खाती किंवा कंपन्या ते मॉडेल नव्याने घडवत नाहीत. तयार मॉडेल घेतले जाते आणि त्याला आपली कागदपत्रे जोडली जातात. शासन निर्णय, माहितीपत्रके, नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. कुणी प्रश्न विचारला की यंत्र आधी या कागदांतून जुळणारा भाग शोधते आणि त्यावरून उत्तर रचते. सोबत काही सूचना दिलेल्या असतात: काय बोलायचे, काय बोलायचे नाही, कधी माणसाकडे सोपवायचे. मग चाचणी होते. नमुना प्रश्न विचारतात, चुकीची उत्तरे दुरुस्त करतात.

म्हणजे चॅटबॉट चांगला की वाईट हे ठरते चार ठिकाणी: कोणते कागद दिले, कोणाचे प्रश्न घेतले, उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचे ठरवले, आणि चाचणी कोणी घेतली. या चारही ठिकाणी आपला समाज आत आहे की बाहेर, हे तपासायला हवे.

पहिले, कागद. स्वाधार योजनेचेच घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची ही योजना २०१६-१७ पासून आहे. वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ४३ हजार रुपयांची तरतूद त्यात होती. सुरुवातीला ती मोठ्या शहरांपुरती आणि जिल्ह्याच्या ठिकाणांपुरती होती. नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांपर्यंत तिचा विस्तार झाला. आता यंत्राला जुना शासन निर्णय दिला आणि नवा द्यायचा राहिला, तर हिंगणघाट किंवा आर्वीत शिकणाऱ्या मुलाला ते अगदी नम्रपणे सांगेल, "आपण या योजनेसाठी पात्र नाही." मुलगा अर्जच करणार नाही. अर्ज नाही म्हणजे नकारही नाही, आणि नकार नाही म्हणजे अपीलही नाही. सरकारी नोंदीत तो मुलगा कुठेच दिसणार नाही. पूर्वी नाकारलेल्या अर्जाचा निदान कागद तरी हातात असायचा.

दुसरे, प्रश्न. कार्यालयात बसून नमुना प्रश्न लिहिले तर ते असे होतात: "जात प्रमाणपत्र प्राप्त करण्यासाठी आवश्यक कागदपत्रे कोणती?" आमच्याकडे माणूस असे विचारत नाही. तो म्हणतो, "दाखला कुठी भेटते जी?" किंवा "फारम भरून तीन महिने झाले, पैसे काहून नाही आले?" वऱ्हाडी-नागपुरी बोली, त्यात हिंदीचे शब्द, त्यात इंग्रजी संक्षेपांची मोडतोड. टाइप करता न येणारा माणूस बोलून विचारणार, मागे पंख्याचा नाहीतर रस्त्याचा आवाज असणार. केंद्र सरकारची 'भाषिणी' भारतीय भाषांच्या भाषांतराचे आणि आवाज ओळखण्याचे काम २०२२ पासून करते आहे, ते स्वागतार्ह आहे. पण पुस्तकी मराठी म्हणजे मराठी, असे धरून चाललो तर वर्ध्याच्या शेतमजुराला त्याच्याच भाषेत "मला समजले नाही, कृपया पुन्हा विचारा" हे ऐकावे लागेल. तीनदा ऐकल्यावर तो पुन्हा दलालाकडे जाईल.

तिसरे, न येणाऱ्या उत्तराचे काय. या यंत्रांची मोठी खोड ही, की उत्तर माहीत नसले तरी ती आत्मविश्वासाने उत्तर देतात. न्यूयॉर्क महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यावसायिकांसाठी चॅटबॉट सुरू केला. मार्च २०२४ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने त्याची तपासणी केली, तेव्हा तो चक्क कायदा मोडायला सांगत होता. कामगारांच्या टिपमधून मालकाने वाटा घेतला तरी चालेल, सरकारी मदतीवर भाडे भरणाऱ्या भाडेकरूला घरमालकाने नकार दिला तरी चालेल, अशी उत्तरे होती. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक ज्यांना पुण्यात, नागपुरात भेटले आहेत, त्यांना या उत्तराचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

एअर कॅनडाचे प्रकरण आणखी बोलके आहे. आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला कंपनीच्या चॅटबॉटने सांगितले, की तिकिटाची सवलत नंतर मागता येईल. नंतर कंपनीने ती नाकारली. वाद न्यायाधिकरणात गेला तेव्हा कंपनीची भूमिका अशी मांडली गेली, की चॅटबॉट जे बोलला त्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे फेटाळले आणि भरपाई द्यायला लावली. तत्त्व साधे आहे: यंत्र ज्याचे, शब्द त्याचा. हे तत्त्व आपल्या सरकारी चॅटबॉटला लागू करायला हवे.

चौथे, चाचणी. इथे जातीचा प्रश्न थेट येतो.

यंत्राला जात कळते

"यंत्राला कुठे जात असते?" असे अनेक सुशिक्षित मित्र विचारतात. यंत्राला जात नसते, पण ते ज्या मजकुरावर शिकते त्याला असते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये भारतीय संदर्भातली, जात आणि धर्माच्या ठरीव समजुतींची वाक्ये तयार करून भाषा मॉडेलांची परीक्षा घेतली. वाक्यात गाळलेली जागा असते आणि ती भरायला दोन पर्याय असतात. पाश्चात्त्य देशांतल्या वंशभेदाबद्दल सावध झालेली मॉडेले जातीच्या बाबतीत मात्र बेफिकीर निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने त्याच धर्तीवर ओपनएआयच्या जीपीटी-५ ची चाचणी केली. १०५ पैकी ८० वाक्यांत त्याने ठरीव समजुतीचाच पर्याय निवडला. त्याच लेखात एका दलित समाजशास्त्रज्ञाचा अनुभव आहे. फेलोशिपचा अर्ज सुधारून मागितला तर चॅटजीपीटीने त्याचे आडनावच बदलून उच्चजातीय करून टाकले. म्हणजे संशोधक असेल तर आडनाव असेच असणार, असे यंत्राने आपल्या समाजाकडे बघूनच शिकून घेतले आहे.

समाजशास्त्र शिकताना आपण वाचतो, की जात ही फक्त शिवी किंवा मार नसते. कुणाला सहज गृहीत धरले जाते आणि कुणाला स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते, यातही ती असते. उद्या कर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीचा चॅटबॉट अशाच मॉडेलवर उभा राहिला, तर जात दाखवायला कुणाला तोंड उघडावे लागणार नाही. म्हणून या चाचण्या कोण घेतो, हा तांत्रिक प्रश्न नाही.

कामाचा प्रश्न

आपल्या मुलांसाठी याची दुसरी बाजू पोटाची आहे. वर्ध्यातून पदवी घेऊन पुण्याला जायचे आणि कॉल सेंटरमध्ये सुरुवात करायची, ही वाट अनेकांनी चालली. आरक्षण नसलेल्या खाजगी क्षेत्रात बिनओळखीने मिळणारी ही एक नोकरी होती. तिच्यावरच आता घाव आहे. जुलै २०२३ मध्ये बंगळूरच्या 'दुकान' कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकसेवेतली ९० टक्के माणसे काढून चॅटबॉट लावल्याचे स्वतः जाहीर केले. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये आपला चॅटबॉट ७०० माणसांचे काम करतो असे सांगितले. २०२५ मध्ये मात्र सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली. माणूस पूर्ण जाणार नाही, पण साध्या प्रश्नांची साधी उत्तरे देणारी नोकरी कमी होणार. उरेल ती अवघड प्रकरणे सोडवणारी, आणि यंत्राला शिकवणारी, तपासणारी.

हे दुसरे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी मराठी आवाजाच्या नोंदी गोळा करण्याचा प्रयोग केला होता. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी खेड्यातल्या आणि मुंबईच्या झोपडवस्तीतल्या लोकांनी साध्या मोबाइलवर केलेले काम विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे निघाले. त्यातूनच पुढे 'कार्य' ही संस्था उभी राहिली, जी ग्रामीण गरिबांना असे काम बऱ्या मोबदल्यात देते. आपली बोली ही आजवर हसण्याचा विषय होती. आता तिला बाजारभाव आहे. तो भाव आपल्याला मिळतो की मधल्या ठेकेदाराला, हे संघटनेवर ठरेल.

आपण काय करायचे

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्या वेळी वर्तमानपत्रे कमी नव्हती. पण त्यांत अस्पृश्यांच्या प्रश्नाला जागा नव्हती. दुसऱ्याच्या छापखान्यावर रुसून बसण्यापेक्षा त्यांनी स्वतःचे पत्र काढले, आणि दुसरीकडे सरकारपुढे साक्षी-निवेदने देणेही सोडले नाही. दोन्ही कामे एकाच वेळी. आजही तसेच करावे लागेल.

आपल्या हातातले काम आधी. प्रत्येक विहारात एक प्रश्नवही ठेवा. माणूस जसा बोलला तसाच त्याचा प्रश्न लिहा, त्याच्या बोलीत. खाली अनुभवी कार्यकर्त्याने तपासलेले उत्तर, शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लिहा. नाव, आधार क्रमांक, फोन लिहू नका. जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांत पाच-पाच विहारांनी पन्नास-पन्नास प्रश्न जमवले तर दोन हजार प्रश्नांचा साठा होतो. कोणत्याही चॅटबॉटच्या परीक्षेसाठी एवढा साठा पुरेसा आहे. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती आणि साधारण आठ माणसांमागे एक बौद्ध होता. एवढ्या समाजाला हे जड नाही. बार्टीचे समतादूत गावोगाव फिरतात, त्यांना सोबत घ्या. संगणक शिकणारी आपली मुले याच साठ्यावर लहानसा चॅटबॉट करून बघू शकतील. पण वही आधी, चॅटबॉट नंतर.

आता सरकारकडे मागायचे काम. प्रत्येक उत्तराखाली शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख असली पाहिजे. "माणसाशी बोला" हे बटण दिसले पाहिजे आणि ते खरोखर तालुक्याच्या कार्यालयाशी जोडलेले पाहिजे. "तुम्ही पात्र नाही" असे सांगितले की त्याचा संदर्भ क्रमांक मिळाला पाहिजे. हे भीक मागणे नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच मिळणे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे आणि न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील करणे हा आपला हक्क आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. चॅटबॉटशी झालेले बोलणे या कायद्याच्या कक्षेत आणा, एवढीच मागणी. तोवर साधा नियम पाळा: चॅटबॉटने नाही म्हटले तरी अर्ज कराच, आणि नकार कागदावर घ्या.

माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येईल: चॅटबॉटचा करार कुणाशी, किती रकमेचा, त्याला कोणती कागदपत्रे दिली, चुकीच्या उत्तरांच्या किती तक्रारी आल्या, आणि आपले बोलणे कंपनी किती दिवस साठवते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे, त्याचा दाखला द्या. खाजगी सेवांचेही तसेच. बँकेच्या यंत्राने गोल गोल फिरवले तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. इतर वस्तू-सेवांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

एक सावधगिरी. शिष्यवृत्तीच्या नावाने अनोळखी क्रमांकावरून आलेल्या चॅटबॉटला जात प्रमाणपत्र, आधार किंवा ओटीपी देऊ नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते, की ऐकीव आहे, ग्रंथात आहे, मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका; तपासा, अनुभवाला येते का बघा. यंत्र गोड बोलते, शुद्ध बोलते, थकत नाही. त्याचा शब्द प्रमाण मानण्याचा मोह होणारच. तेव्हा पुढच्या रविवारी वंदनेनंतर एवढेच करा. मोबाइल मधे ठेवा, वस्तीतला एक खरा प्रश्न त्याला विचारा, आणि त्याचे उत्तर सगळ्यांसमोर शासन निर्णयाशी ताडून बघा. चुकले असेल तर वहीत लिहा. वहीचे पहिले पान तिथून सुरू होईल.

जयभीम.